आण्णांच्या जीपचं दुसरं इंजिन

इंजिन पूर्ण थंड होतं, पण अ‍ॅक्सिलरेटरची केबल कोमट होती.

मी बॉनेटखाली वाकले तेव्हा आधारासाठी टेकलेला हात नेमका तिच्यावर पडला. काळ्या वेष्टणातली पोलादी तार, करंगळीपेक्षा बारीक. जीप सावलीत उभी होती आणि सकाळपासून एकदाही सुरू झाली नव्हती. मी इंजिनला हात लावून पाहिला. गार. रेडिएटर गार. पुन्हा केबलवर बोट ठेवलं. चटका बसावा इतकी नव्हती, बाळाला पाजायच्या दुधाइतकी कोमट होती.

"सापडलं काय गं?" आण्णांनी विचारलं. माझे वडील. ते स्टिअरिंगवर बसले होते.

"अजून नाही. आणखी एकदा सेल्फ मारा."

त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन अर्धा वळसा घेतल्यासारखं घुरघुरलं आणि थांबलं. मग नुसतं कट्, कट्.

"बास, बास," हमीद मिस्त्री ओरडले. "सेल्फ जळंल आण्णा!"

"जळू दे. एक जळला तर दुसरा आणतो."

"आणा की. एक पोतंच आणून ठेवा सेल्फचं."

ही गोष्ट मी जयसिंगपूरच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायला लागले त्या सुमाराची. आमचा मळा नदीकाठी. मुख्य रस्त्यापासून आत सगळा ऊस, आणि उसाच्या मधून बैलगाडीपुरती वाट. एस.टी. मुख्य रस्त्यावर थांबायची, पण तिथवर उसातनं चालत मुली पाठवायला कुणी तयार नसे. मग आण्णांनी जीप घेतली आणि मळ्यातल्या मुलींना हायस्कूलला नेऊ-आणू लागले. त्यांच्या गाडीत बसून दहावी झालेल्या मुलींची लग्नं होऊन त्यांना मुलं झाली होती.

पावसाळ्याच्या शेवटी त्या जीपचं इंजिन बसलं. आतला दांडा तुटून ब्लॉकला भोक पडलं. घरात कुणी बोलून दाखवलं नाही, पण सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही.

कारण आण्णांना काचबिंदू होता. मिरजेला डॉक्टरांकडे मीच त्यांना घेऊन गेले होते. एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात डोकं ठेवायचं, कडेला दिवा दिसला की बटण दाबायचं. आण्णा बराच वेळ बटण न दाबता बसले होते. मला वाटलं, दिवेच लागत नाहीत. डॉक्टरांनी कागदावर काळं झालेलं क्षेत्र दाखवलं. मध्ये एक उजळ भाग होता, भोवती सगळा काळोख. "समोरचं अक्षर वाचतील," ते म्हणाले, "पण कडेनं येणारं माणूस दिसणार नाही. गाडी बंद करायची."

परतताना एस.टी.त आण्णा म्हणाले होते, "दहावीच्या पोरींचे पेपर होऊ देत. मग बघू." पेपर झाले. मग म्हणाले, पावसाळा जाऊ दे. मग दिवाळी. अशी दोन वर्षं गेली.

एकदा मी त्यांच्या जीपमधून कॉलेजला गेले. डावीकडे खिडकीशी आक्काताई कांबळ्यांची सारिका बसली होती. वाटेत ती अधूनमधून बोलत होती. "म्हैस, आण्णा." "सायकल, आण्णा." "दिसली की गं," आण्णा म्हणायचे आणि स्टिअरिंग वळवायचे. पण ती बोलल्यानंतर वळवायचे. उतरल्यावर मी सारिकाला विचारलं, हे काय चाललंय? ती म्हणाली, "आम्ही पाळ्या लावल्यात मॅडम. डाव्या बाजूला बसंल तिनं सांगायचं."

"घरी सांगितलंस?"

"नाही. मग शाळा बंद करतील."

तेव्हा इंजिन बसलं याचं आम्हाला वाईट वाटलं नाही. पण दिवाळीच्या सुट्टीत आण्णा कोल्हापूरला गेले आणि भंगारात निघालेल्या एका टेम्पोचं इंजिन घेऊन आले. हमीद मिस्त्री त्यांचे जुने दोस्त. दोघांनी मिळून अंगणातल्या आंब्याला साखळी बांधून जुनं इंजिन काढलं, नवं उतरवलं. नव्या इंजिनचे पाय जुन्या जागी बसेनात, म्हणून हमीदनं पोलादी पट्ट्या कापून, वेल्डिंग करून नवे ब्रॅकेट बनवले. आण्णांनी त्यांना हिरवा रंग दिला. जीप हिरवी, म्हणून तिच्या पोटातलंही सगळं हिरवंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. हमीद मिस्त्री यावरून नेहमी चेष्टा करायचे. "खालनं कोण बघणार हाय आण्णा? म्हशी?"

शाळा सोमवारी उघडणार होती. शनिवारी दुपारी आण्णांनी मला निरोप पाठवला, तुझं ते व्होल्ट मोजायचं मीटर घेऊन ये.

"आतापतूर काय काय केलं ते सांगा," मी म्हणाले.

हमीद मिस्त्रींनी बोटं मोजली. "बॅटरी बदलली. ट्रॅक्टरची चार्ज केलेली लावली. तेच. सेल्फ खाली काढला, जमिनीवर ठेवून बॅटरीला डायरेक्ट वायरी लावल्या. पंख्यागत फिरतोय. आत बसवला की मेला."

"इंजिन जाम असेल?"

"पान्यानं हातानं फिरवून बघितलं. गुळगुळीत फिरतंय."

"डिझेल?"

"अगं, फिरलं तर डिझेलचं बघायचं. फिरतच न्हाई. मी म्हणतोय धक्का मारू. चार माणसं बोलवू, चालू होईल, मग बघू काय ते."

"धक्का न्हाई," आण्णा गाडीतूनच म्हणाले. "नव्या इंजिनचा पहिला आवाज सेल्फवर निघाला पाहिजे. माझ्या एकाबी गाडीला मी असा धक्का मारलेला न्हाई."

"बघ," हमीद मिस्त्री मला म्हणाले. "ह्या माणसाबरोबर मी चाळीस वर्सं काढली."

"हेडलाईट लावा," मी म्हणाले. लागले, भक्क. हॉर्नही जोरात वाजला. झाडावरचे कावळे उडाले.

म्हणजे वीज होती. बॅटरीत होती, दिव्यांपर्यंत जात होती, सेल्फ चांगला होता, इंजिन मोकळं होतं. आणि ज्या तारेचं काम फक्त पायाची ओढ इंजिनपर्यंत न्यायचं, ती तार तापत होती. मला अंदाज आला होता. मीटर लावून खात्री करायची तेवढी राहिली होती. मी मीटरची पेटी आणायला घरात गेले.

मागच्या हौदापाशी शीतलदादा हात धूत उभा होता. माझा मोठा भाऊ. साखर कारखान्यात कामाला, गळीत हंगाम सुरू झालेला, म्हणून डोळे तांबडे. मला बघून त्यानं नळ बंद केला.

"काय गं, लागला पत्ता?"

"लागेल असं वाटतंय."

त्यानं अंगणाकडे एकदा बघून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाला, "तिशू, न्हाई लागला तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुला सापडलंच न्हाई. एवढी फिजिक्स शिकलेली पोरगी, तिलाबी जमलं न्हाई. मग आण्णा काय करणार? आठ दिवस खटपट करतील, कंटाळतील, इंजिन परत विकतील. आपल्याला कुणालाच त्यांना काही सांगावं लागायचं न्हाई."

"आणि मुली?"

"सरपंचाला सांगू, एस.टी. आत आणायला."

"किती वर्षं सांगतोय आपण?"

"मग काय करू? तूच सांग." त्याचा आवाज चढला, तो त्यानं लगेच आवरला. "मी दोनदा सांगायला गेलो. एकदा त्यांनी मला चहा दिला. दुसऱ्यांदा म्हणाले, तुझ्या चपलेचा अंगठा तुटलाय, शिवून घे. एवढं बघितलं त्यांनी! चपलेचा अंगठा! आता कुठल्या तोंडानं म्हणू, आण्णा तुम्हाला दिसत न्हाई?"

मला हसू आलं, त्यालाही. पण ते टिकलं नाही. मुलींच्या पाळ्यांचं मी त्याला सांगितलं होतं.

"एखाद्या दिवशी सारिका शाळेला आली नाही," तो म्हणाला, "आणि डाव्या बाजूला बसलेली पोरगी झोपलेली असली, तर काय होईल सांग."

मी घरातून पेटी उचलली. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं.

अंगणात परत आले आणि मीटरची एक सळई बॅटरीच्या वजा चिन्हाच्या खुंटीवर धरली, दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर. हे दोन्ही एकमेकांना चेसीतून, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून, जोडलेले. दोघांत फरक जवळजवळ शून्य यायला हवा.

"सेल्फ मारा."

कट्. काटा सातच्या पुढे गेला.

बॅटरीतल्या बारापैकी सात व्होल्ट वाटेतच अडकत होते. सेल्फचा करंट तारेनं इंजिनपर्यंत जायचा, पण इंजिनकडून परत यायला त्याला वाट नव्हती. इंजिन रबराच्या पायांवर बसलेलं, बाकी गाडीपासून वेगळं. परतीची एकच खरी वाट म्हणजे इंजिन आणि चेसी यांना जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी, जिला सगळे अर्थ म्हणतात. ती बंद असली की करंट मिळेल त्या वाटेनं जातो. इथं तो अ‍ॅक्सिलरेटरच्या बारीक तारेतून जाऊन तिला तापवत होता.

"हमीदचाचा, अर्थची पट्टी बघितली?"

"ती आण्णांनी स्वतः बसवलीय," ते म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं एवढं पुरेसं होतं. आणि खरंच होतं. अर्थच्या नटाखालचं लोखंड कानशीनं घासून चकचकीत केल्याशिवाय आण्णा पट्टी बसवत नसत. मला लहानपणी शेजारी बसवून त्यांनी हे दाखवलं होतं. मिस्त्री बाकी सगळं पुन्हा तपासतील, पण आण्णांनी बसवलेला अर्थ कुणी तपासत नसे.

मी गोणपाट टाकून चाकाशेजारी आडवी झाले. पट्टी होती. नट घट्ट होता. पट्टीचं टोक नव्या ब्रॅकेटच्या शेजारी चेसीवर बसवलेलं, आणि त्याच्या खाली, चारी बाजूंनी, हिरवा रंग. मी नखानं खरवडलं. रंग अजून आतून मऊ होता. त्याच्या थराखाली कानशीचे ओरखडे स्पष्ट दिसत होते.

आण्णांनी जागा घासली होती. मग ब्रॅकेटला रंग देताना ब्रश डावीकडे सरकला आणि घासलेल्या जागेवरून गेला. ते त्यांना दिसलं नाही. मग त्या ओल्या रंगावर त्यांनी पट्टी ठेवली आणि नट आवळला.

हमीद मिस्त्री माझ्या शेजारी येऊन वाकले होते. त्यांनीही बघितलं.

"मी घासतो," ते अगदी हळू म्हणाले. "तू त्यांना चहाला आत घेऊन जा. मी दोन मिनिटांत घासतो. म्हणू, सेल्फची वायर ढिली होती."

"चाचा."

"अगं, त्यांनी कधी अशी चूक केली न्हाई. आयुष्यात न्हाई. त्यांना कळलं तर ते..."

मी उठून साडीवरची माती झटकली. एकानं सांगितलं होतं, सापडलं नाही म्हण. दुसरे सांगत होते, सापडलं ते वेगळंच होतं म्हण. दोघंही आण्णांवर माया करणारे.

"आण्णा," मी म्हणाले, "खाली या जरा."

ते उतरले. उतरताना दाराला हात लावून अंदाज घेतला, तो आता त्यांच्या सवयीचाच झाला होता.

"सापडलं?"

"सापडलं. अर्थच्या पट्टीखाली रंग आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हसले. "माझ्या अर्थखाली? घासलंय मी ते. हमीद समोर होता. व्हय का न्हाई रं?"

हमीद मिस्त्रींनी मान खाली घातली.

"घासलंय तुम्ही," मी म्हणाले. "कानशीच्या खुणा आहेत. नंतर ब्रॅकेटला रंग देताना ब्रश त्यावरून फिरला. ते तुम्हाला दिसलं नाही."

ते गुडघ्यावर बसले. वाकून आत बघितलं. "कुठं?"

"डावीकडे."

त्यांनी सगळी मान डावीकडे वळवली. "कुठं गं?"

"आणखी डावीकडे. नटाच्या खाली."

त्यांना अजून दिसत नव्हतं. मग त्यांनी बघायचं सोडून दिलं आणि हात आत घातला. बोटं ब्रॅकेटवरून सरकत पट्टीच्या टोकाशी आली, नटाभोवती फिरली. रंग बोटाला चिकटला. त्यांनी हात बाहेर काढला आणि अगदी डोळ्यांसमोर धरून हिरवं बोट पाहिलं.

"पाना दे," ते म्हणाले. "आणि कानस."

"मी करतो की," हमीद मिस्त्री म्हणाले.

"दे म्हणालो ना."

त्यांनी नट काढला, पट्टी बाजूला केली आणि घासायला लागले. डोळे उघडे होते, पण बघत होती ती बोटं. दहा-बारा वेळा कानस फिरवायची, थांबून अंगठ्यानं चाचपायचं, पुन्हा फिरवायची. अर्ध्या मिनिटाचं काम, पण त्यांनी पुष्कळ वेळ घेतला. शेवटी मान वळवून मला म्हणाले, "बघ गं. चकाकतंय?"

हा प्रश्न त्यांनी मला कधी विचारला नव्हता. कुणालाच विचारला नव्हता.

"चकाकतंय," मी म्हणाले. "उजव्या कोपऱ्यात थोडं राहिलंय."

त्यांनी उजवा कोपरा घासला.

पट्टी बसवून, नट आवळून ते वर चढले. हमीद मिस्त्रींनी बॉनेटवर हात ठेवला आणि काहीतरी पुटपुटले. आण्णांनी किल्ली फिरवली. सेल्फ गर्रकन फिरला, इंजिननं दोन-तीनदा खोकल्यासारखं केलं, मागून काळा धूर आला आणि जीप सुरू झाली. नव्या इंजिनचा आवाज जुन्यापेक्षा जाड होता. आंब्याखालच्या कोंबड्या पळाल्या.

"वा रं पठ्ठ्या!" हमीद मिस्त्रींनी बॉनेटवर थाप मारली. "आण्णा, टेम्पो बोलतोय तुमच्या जीपच्या पोटात!"

शीतलदादा हौदाकडून धावत आला. गाडी चालू बघून थांबला. माझ्याकडे बघितलं. त्याच्या नजरेत राग नव्हता. उद्या काय, एवढंच होतं.

"सापडलं तर," तो म्हणाला.

"सापडलं."

आण्णा आत बसून होते. दोन्ही हात स्टिअरिंगवर. अ‍ॅक्सिलरेटर दाबून पाहत होते, सोडत होते. समोर, फाटकापर्यंत सरळ रस्ता. तेवढा त्यांना दिसत होता. मी गाडीच्या डाव्या बाजूला उभी होते, म्हणजे त्यांना दिसत नव्हते.

"आण्णा," मी म्हणाले. ते दचकले आणि मान वळवली. "गाडी चांगली झालीय."

"झालीय," ते म्हणाले.

मला पुढचं वाक्य बोलायचं होतं. तोंडात तयार होतं. पण आवाज ऐकून बांधावरून आक्काताई कांबळे येताना दिसली, खुरपं हातात तसंच. सारिकाची आई. लांबूनच ओरडत आली.

"झाली व्हय आण्णा गाडी? देव पावला बाई! आमची सारिका दोन दिस झालं तोंड फुगवून बसलीया. मग सोमवारी उभ्या करू नव्हं पोरी बांधावर?"

शीतलदादानं खाली बघितलं. हमीद मिस्त्री फडक्यानं हात पुसायला लागले, हात पुसून झाले तरी पुसत राहिले. मी आण्णांकडे बघत होते. ते आक्काताईकडे बघत होते, सगळी मान वळवून.

"उभ्या करा," आण्णा म्हणाले. "गाडी येईल."

"बरं झालं बाई. मी सगळ्यांना सांगते..."

"पर मी येणार न्हाई."

इंजिनच्या आवाजात तिला ते ऐकू आलं नसावं. तिनं कानामागं हात धरला. "काय म्हणालासा?"

आण्णांनी किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं. अंगण एकदम शांत झालं. मग ते सावकाश खाली उतरले, किल्ली काढली आणि शीतलदादाच्या हातात दिली. त्याला ती घ्यावी की नाही कळेना, पण घेतली.

"तू शाळेच्या वेळेला मोकळा राहशील अशी पाळी मागून घे," ते त्याला म्हणाले. "तवर हमीदचा जावई येईल, मी बोलतो त्याच्याशी."

"मी? आण्णा, हंगाम सुरू झालाय..."

"माग म्हणालो न्हवं?" मग ते आक्काताईकडे वळले, आणि गेली दोन वर्षं आम्ही सगळ्यांनी जे तोंडातल्या तोंडात ठेवलं होतं, ते त्यांनी मोठ्यानं, सगळ्या मळ्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं.

"मला दिसत न्हाई, आक्काताई. समोरचं दिसतंय, कडंचं काही दिसत न्हाई. आता मी गाडी चालवणार न्हाई."